सायलोवरची नोलीन

नोलीन हॅवर्टीने गाडीच्या हॉर्नवर तळवा ठेवला आणि उचललाच नाही. सायलोच्या, म्हणजे धान्याच्या उंच गोल कोठाराच्या, माथ्यावरचे गुलाबी काकाकुवे उडाले. वजनकाट्यावरचा माणूस बाहेर डोकावला. क्रेनच्या पाळण्यात उंचावर उभी असलेली चित्रकार मुलगी ब्रश टाकून कठड्याला बिलगली.

मग नोलीन गाडीतून उतरली. समोर गव्हाच्या सायलोवर ती स्वतःच होती, तरुणपणची, गुडघ्यापासून टोपीपर्यंत. नाक तिचं, हनुवटी तिची, उन्हाने सोललेले ओठसुद्धा तिचेच. आणि दोन्ही हातांत बॅट.

"हे काय आहे?"

क्रिकेट क्लबचा अध्यक्ष लायल पास्को या चित्राच्या समितीचाही अध्यक्ष होता. तो सावलीत बसून पावात गुंडाळलेलं सॉसेज खात होता.

"तूच आहेस, नोल."

"हातात काय आहे?"

"बॅट."

"आणि मी काय करायचे?"

लायलने विचार केला. एवढ्या सोप्या प्रश्नात काहीतरी खोच असणार, हे त्याला कळत होतं.

"क्रिकेट खेळायचीस," तो म्हणाला.

नोलीनने ऑस्ट्रेलियासाठी बारा वर्षं डाव्या हाताने नवा चेंडू टाकला होता. एका सकाळी तिने इंग्लंडच्या चौघींना जेवणाआधी परत पाठवलं होतं, आणि त्यातली एक अजून नाताळला तिला शिव्या लिहिलेलं कार्ड पाठवायची. बॅटिंगला ती अकरावी जायची, तीही बारावा नंबर नसतो म्हणून. साऱ्या कारकिर्दीतल्या धावा मोजायला तिला एक हात पुरायचा, दुसऱ्यात बिअर धरता यायची.

पण शेजारच्या गावाने सायलोवर मेंढ्या राखणारा कुत्रा रंगवला होता. हायवेवरचे लोक तिथे थांबायला लागले, बेकरीतले खिमा पॅटिस दुपारीच संपायला लागले. तेव्हा आमच्या गावाला अचानक आठवलं, की आपल्याकडेही एक बाई आहे.

"फोटो क्लबच्या भिंतीवरचा आहे," लायल म्हणाला. "तुझा तेवढाच होता."

"तो माझा नाही. डेसचा आहे. माझ्या भावाचा."

"डेस कुठे दिसतोय त्यात?"

"खाली वाकलाय. बुटाची नाडी बांधतोय. तेवढ्यापुरती त्याची बॅट मी धरली होती."

लायलचं चावणं थांबलं. "फ्रेम लहान पडली म्हणून खालून दुमडला होता," तो सावकाश म्हणाला. "तरीच खाली डेसचं नाव. मला वाटलं, नावच चुकलंय."

"इंग्लंडहून परत आले त्या आठवड्यातला फोटो आहे तो. क्लबने शनिवारी बोलावलं. वाटलं, सत्कार असेल. पुरुषांच्या मॅचला चहा करायला माणूस कमी पडत होतं."

"चांगला झाला होता चहा," लायल म्हणाला आणि लगेच पायांकडे बघायला लागला.

पाळणा खाली आला. ब्रिडी, ती चित्रकार मुलगी, रंगाने माखलेले हात पँटला पुसत पुढे आली.

"मी विचारलं होतं हो. हे म्हणाले, ऑलराउंडर."

"बरोबरच आहे," नोलीन म्हणाली. "भांडीही घासायचे मी." तिने वर बघितलं. "किती टिकतो हा रंग?"

"तीस वर्षं सहज."

"म्हणजे मी जाणार, मला बोलिंग करताना बघितलेली सगळी माणसं जाणार, आणि ही इथे उभी राहणार. ट्रकवाले म्हणतील, काय बॅटिंग करायची बाई. हात बदल, पोरी. चेंडू दे."

"आठवडा लागेल. क्रेन पाचला परत जाते. आणि उद्या सकाळी उद्घाटनाला मंत्रीबाई येणार आहेत."

"शिवाय चेंडू केवढा असतो?" लायलला पुन्हा हुरूप आला. "हायवेवरून संत्रं वाटेल. बॅट कशी, बॅटसारखी दिसते."

नोलीनने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"नुसती बॅट पुसता येईल?"

"येईल की. मागे आभाळच आहे. निळा रंग भरपूर उरलाय."

"मग हातात काय राहणार?" लायलने विचारलं.

"माझे हात," नोलीन म्हणाली.

दुपारभर ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. लायलने दोनदा पाणी विचारलं, तिने दोनदा ऐकलं नाही. आधी बॅटचं टोक आभाळात गेलं, मग पातं, मग मूठ. पाच वाजायला आले तेव्हा सायलोवर काय उरलं ते सगळ्यांना एकदमच दिसलं. छातीशी आवळलेल्या दोन मुठी, एकावर एक. खांदा पुढे काढलेला. आणि रोखलेले डोळे, थेट रस्त्यापलीकडच्या क्लबच्या पत्र्यावर.

"अगं, ही तर कुणाच्या तरी अंगावर चाललीय," लायल म्हणाला.

"कुणाच्या तेही दिसतंय," क्रेनवाला म्हणाला.

"उद्या शाळेतली पोरं येणार आहेत, नोल. बँडवाले येणार. बरं झालं, निदान हसते तरी आहेस."

नोलीनने त्या हसण्याकडे बघितलं. कॅमेरावाला म्हणाला होता, दात दाखवा ताई, एवढ्या लांबून आलात. आणि तिने दाखवले होते.

क्रेनवाल्याने किल्ली फिरवली. नोलीन जाऊन त्याच्या दाराला हात लावून उभी राहिली, त्याने इंजिन बंद केलं.

"ब्रिडी, वर जा. तोंड मिटव तिचं."

डबा उचलून ब्रिडी पाळण्यात चढली.

"कशाला उगाच, नोल. इतकी वर्षं झाली."

नोलीन मान वर करून बघत होती. हसण्याचा डावा कोपरा गेला, मग दात. ओठ सरळ झाले, आणि जरा वेळाने घट्ट.

लायलने एकदा चित्राकडे बघितलं, एकदा रस्त्यापलीकडे. मग हातातला पाव खिशात कोंबून तो सायलोच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला.