लंकाबाईचा राब

आरतीच्या आईचा राब कचरा समजून उचलला गेला, त्याला अकरा दिवस झाले होते आणि त्यावर चार वेळा चर्चा झाली होती. पाचवी आज मंचरच्या कॉलेजात होती. चर्चेला कुणाचीच ना नव्हती. एखाद्या गोष्टीवर पुरेशी चर्चा झाली की ती करायची राहिली तरी चालते, असा इथला नियमच असावा, असं आरतीला आताशा वाटायला लागलं होतं.

राब म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण मंचरसारख्या बाजारपेठेच्या गावातही ते सगळ्यांना ठाऊक नसतं. डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरच्या अंगाला जी डोंगरातली गावं आहेत, तिथे भाताचं रोप कुठेही टाकत नाहीत. त्यासाठी जमिनीचा एक तुकडा राखलेला असतो. हिवाळ्यात त्यावर शेण पसरायचं, शेणावर झाडाच्या फांद्या, फांद्यांवर गवत आणि पाला, आणि सगळ्यावर बारीक माती. हे सगळं बायका डोक्यावरून वाहून आणतात. उन्हाळ्यात ते जागच्या जागी भाजायचं. तण मरतं, राख मातीत उतरते आणि पावसाळ्यात रोप जोमानं वर येतं. राब नाही तर धड रोप नाही. दुसऱ्याचं उरलंसुरलं रोप मागून आणावं म्हटलं, तर ते हाती लागेपर्यंत लावणीचे दिवस निघून जातात. आरतीच्या घरी दोनच माणसं, ती आणि आई लंकाबाई, आणि दोघींचा वर्षाचा तांदूळ त्या एका तुकड्यावर होता.

यंदाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर त्यांच्या वाडीत भरावं, हे आरतीनंच सुचवलं होतं. म्हणजे आता बोट दाखवायचं तर पहिलं स्वतःकडेच दाखवावं लागणार, आणि ते तिला चांगलंच झोंबत होतं. शिबिराच्या प्रमुख प्रतिभा मॅडम खूश झाल्या होत्या. 'विविधता, सेवा आणि स्वविकास' असा फलक त्यांनी मंचरहून छापून आणला होता.

आरतीच्याच बाकावर बसणारी खुशबू शिबिरात आली होती. तिच्या घरचा मंचरला कांदा-बटाट्याचा व्यापार. ट्रकच्या ट्रक बटाटा त्यांच्या हाताखालून जातो आणि घरात मात्र एकही शिजत नाही, यावरून आरती तिला दोन वर्षं चिडवत आली होती. खुशबू सूर्य मावळल्यावर जेवायची नाही. शिबिराच्या आधीच आरतीनं तिला काय चालतं, काय चालत नाही, ते बसून नीट विचारून घेतलं होतं आणि आईला सांगितलं होतं. लंकाबाई रोज दुपार कलली की हातातलं काम टाकून घरी यायची आणि तिच्यासाठी नाचणीची भाकरी आणि लसणाशिवायचं वरण करायची. एकही दिवस चुकला नाही.

चौथ्या दिवशी खुशबूच्या गटाकडे स्वच्छता होती. पंधरा जण. आरती शाळेत, तपासणीला आलेल्या डॉक्टरांना म्हाताऱ्यांचं बोलणं समजावून सांगत होती. लंकाबाई फांद्या आणायला डोंगरात गेली होती. घरांच्या खाली एका तुकड्यावर शेण, काटक्या, सडका पाला पसरलेला बघून पंधरा जणांनी कंबर कसली. दोन महिन्यांचं काम त्यांनी तीन तासांत उचललं, शाळेमागच्या खड्ड्यात नेऊन टाकलं आणि पेटवून दिलं. मोकळ्या झालेल्या जागेभोवती चुन्याची रेघ मारली. शेजारची साळुबाई हे सगळं दारात बसून बघत होती. मागाहून आरतीनं तिला जाब विचारला, तर म्हणाली, "शिकल्याली पोरं. म्हनलं सरकारचं कायतरी नवीन आसंल. मी तर त्यांना पानी दिलं बाई."

दुपारी आरती खाली आली तेव्हा तो तुकडा अंगणासारखा लख्ख होता. तोंड उघडणार तेवढ्यात प्रतिभा मॅडमनी हाक मारली, "आरती, ये ना, तुझ्याच गावाचा फोटो आहे." आणि ती जाऊन उभी राहिली. तो फोटो कॉलेजच्या सूचना फलकावर अजून आहे. डावीकडून दुसरी, तोंड मिटलेली, ती आरती. गटानं केलं ते अजाणता केलं. आपण जाणून गप्प बसलो, याचा राग तिला सगळ्यात जास्त होता.

संध्याकाळी लंकाबाई फांद्यांचा भारा घेऊन उतरली. भारा खाली टाकला आणि बघत राहिली.

"कुनी क्येलं?"

"आमच्याच पोरांनी."

दिवस मावळायला आला होता, खुशबूची भाकरी व्हायची होती. लंकाबाई चुलीपाशी गेली.

त्या रात्रीच्या गटचर्चेत आरतीनं तोंड उघडलं. सगळ्यांना फार वाईट वाटलं. रामदास नावाचा एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "पण शेवटी जाळायचंच होतं ना?" त्याला तिनं समजावलं, की शाळेमागच्या खड्ड्यातली राख फक्त खड्ड्याला मिळते. समारोपाला पुन्हा चर्चा झाली, त्यात 'शिकण्यासारखा अनुभव' असं नाव पडलं. तिसरी मॅडमच्या खोलीत, चौथी कॅन्टीनमध्ये खुशबूशी. आरतीचं मागणं चारही वेळा तेच होतं. पंधरा जणांनी एक रविवार यावं. आई तोडून देईल, यांनी वाहायचं, पसरायचं. शिमग्याच्या आत झालं तर वर्ष वाचेल. आईचा गुडघा सुजला होता आणि एकटीच्यानं ते होण्यातलं नव्हतं.

आज पाचवी चर्चा होती आणि तिच्यासाठी पुण्याहून सुभाष सर आले होते. संवाद घडवून आणणं हाच त्यांचा व्यवसाय. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. प्रत्येकाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या; पिवळ्या चिठ्ठीवर आपल्याला काय जाणवलं ते लिहायचं आणि हिरव्यावर आपण कसे बदललो ते. निळी चिठ्ठी कशासाठी होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आरतीची पाळी आली. ती म्हणाली, "रविवारी सकाळी साडेसहाची एसटी आहे. पंधरा जण पाहिजेत. चौदा आले तरी चालतील."

सुभाष सरांनी मान हलवली. आवाज मऊ केला. "आरती, तुझ्या आत आत्ता काय होतंय?"

"माझ्या आत काही नाही होत, सर. राब जमिनीवर नाही, ते होतंय."

दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आपण लगेच उत्तराकडे धावतो. आज फक्त ऐकूया. ऐकणं हीसुद्धा सेवा आहे." सगळ्यांनी ऐकलं. इतकं ऐकलं की बाहेर हायवेवरचे ट्रक मोजता आले असते. आरतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि जायला दुसरी जागा नसल्यानं तिथेच राहिली.

मग खुशबू बोलायला उठली आणि रडायला लागली. तिला झोप लागत नव्हती. घरी आजीला, कंचनबाईंना, सांगायचं धाडस होत नव्हतं, कारण त्या मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतात आणि नातीनं दुसऱ्याचं वर्षभराचं अन्न जाळलं होतं. दोन मुली तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, पाणी द्या. दाराजवळ आरतीच बसली होती, म्हणून पाणी आरतीनंच आणलं. ग्लास देताना तिच्या तोंडून निघालं, "मी तुला विचारलं होतं गं. तुला काय चालतं ते. तुम्ही पंधरा जणांनी कुणालाच कसं नाही विचारलं?"

खुशबूनं तिच्याकडे बघितलं आणि रडणं थांबवलं. सुभाष सर हळूच म्हणाले, "हा फार सुंदर क्षण आहे." आरतीला वाटलं, ग्लास आपण अजून धरून असतो तर बरं झालं असतं.

रविवारी कोण कोण येणार म्हणून हात वर करायला सांगितलं तेव्हा अकरा हात वर झाले. आरतीनं नावं लिहून घेतली. पण प्रतिभा मॅडमना प्रश्न पडले होते. रविवारी जाणार म्हणजे पालकांची संमतिपत्रं लागणार. शिवाय फांद्या तोडणं म्हणजे वृक्षतोड, ती सेवेच्या तासांत कशी धरायची? आणि त्याच रविवारी जुन्नरला उत्कृष्ट शिबिराचं सादरीकरण होतं, तिथे निम्मी मुलं लागणार होती. "तूसुद्धा हवीस, आरती. तुझ्या गावाचं शिबिर आहे."

"गावाचं आहे म्हणूनच नाही येत," आरती म्हणाली आणि नावांचा कागद घडी करून वहीत ठेवला.

रविवारी ती वाडीच्या फाट्यावर उभी राहिली. पहिली एसटी आली. दोन बाजारकरी उतरले, एक कोंबड्यांची पाटी उतरली. मग खुशबू उतरली, पायात बूट, डोक्याला ओढणी. मागे कुणीच नव्हतं. एसटी निघून गेली तरी आरती रस्त्याकडे बघत राहिली.

"बाकीचे?"

"जुन्नरला. ग्रुपवर मेसेज आला काल. मी घरी सांगितलं सगळं, आणि आले."

लंकाबाई वर झाडाखाली फांद्या बांधत होती. खुशबू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात जोडले. "मावशी, मला माफ करा. मला खरंच कळलं नव्हतं."

"माफीचं र्‍हाऊ दे बये. त्यो भारा उचल. मान ताठ ठिव, न्हाईतर लचक भरंल."

खुशबूनं भारा उचलला. पहिल्या खेपेला तो दोनदा पडला. तिसऱ्या खेपेपासून तिनं बोलणं बंद केलं आणि काम जरा पुढे सरकलं. दुपारी साळुबाईसुद्धा शेणाची पाटी घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं, पण तिलाही स्वतःचा राग आलेला असणार. तरी चौघींना जेवढं होणार तेवढंच झालं. ऊन उतरलं तेव्हा चुन्याच्या रेघेच्या आत निम्म्याहून कमी जागा झाकली होती. वरून माती घालायची तर बाकीच होती.

लंकाबाई बांधावर बसली, गुडघा दाबत. "एवढ्याच जाग्यात टाकू रोप. निम्मा भात व्हईल."

"आणि निम्मं वर्ष?" आरतीनं विचारलं.

खुशबूच्या तळहाताला फोड आले होते. ते तिनं कुणाला दाखवले नाहीत, हे आरतीनं पाहिलं आणि खुशबूवरचा तिचा राग तिथे बराचसा संपला. बाकीचा मात्र जागेवरच होता.

सोमवारी प्रतिभा मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. जुन्नरला कॉलेजला दुसरा क्रमांक मिळाला होता. टेबलावर पेढे होते आणि एक छापील फॉर्म. 'शिबिरामुळे माझ्यात झालेले बदल.' खाली वीस ओळी मोकळ्या.

"सगळ्यांचे आले, तुझाच राहिलाय. आजच फाईल पाठवायची आहे. तू मनापासून लिहितेस म्हणून तुझा सगळ्यात वर लावणार आहे."

आरती तिथेच बसली आणि लिहायला लागली. मॅडमनी पेढा खाल्ला, फोन घेतला, ठेवला. फॉर्म हातात आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचला. 'राब निम्म्याहून जास्त बाकी आहे. आणखी एक रविवार लागेल. येणाऱ्यांची नावं,' असं वर लिहिलं होतं. खाली एकचा आकडा घालून आरतीचं नाव, दोनचा आकडा घालून खुशबूचं, आणि पुढे पंधरापर्यंत नुसते आकडे.

"अगं, हे काय? असं नाही लिहायचं. तुला काय वाटलं, तू काय शिकलीस, ते लिही." मॅडम रागावल्या नव्हत्या, ही खरी अडचण होती. त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढून दिला. "घे. नीट लिही."

आरतीनं फॉर्म घेतला. वरच्या ओळी पुन्हा जशाच्या तशा लिहिल्या. स्वतःचं नाव, खुशबूचं नाव. मग तीनचा आकडा घातला, कागद फिरवून मॅडमपुढे सरकवला आणि पेन त्यावर ठेवला.

मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या. बाहेर तासाची घंटा झाली, मुलं व्हरांड्यातून पळाली.

"रविवारी माझ्याकडे पाहुणे आहेत गं," त्या अखेर म्हणाल्या.

"मग शनिवारी," आरती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली नाही.