चकाकी विसरायला शिकलेला ढोल

ढोल म्हटलं की मित्रांनो, तुम्ही लगेच टिपऱ्या शोधायला लागाल, पण थांबा, मी तसला ढोल नाही. मला कोणी वाजवत नाही. मला फिरवतात. आठ बाजूंचा, देवदाराच्या जाड फळ्यांचा, अंगावर लोखंडी पट्टे, एका बाजूला झाकण आणि आडव्या दांड्यावर गरागरा फिरणं, असा मी जुना, अठ्ठावन्न वर्षांचा लाकडी ढोल. आणि बोलायला लागलो की मला थांबवत नाही, कारण फिरायची सवय. तेव्हा बसा नीट.

आमचं गाव साबाए, जपानमधलं. इथे चष्म्याच्या फ्रेम बनतात, आणि एका घरात अख्खी फ्रेम बनते असं नाही हं. एक घर नुसत्या काड्या वाकवतं, एक घर बिजागऱ्या करतं, आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी तर जन्मभर फक्त स्क्रू केले, नखाच्या टोकावर मावतील एवढे, आणि त्यांना कधी वाटलं नाही की आपण काही कमी करतोय. आमच्या हाकोयामा कारखान्याचं काम चकाकीचं. म्हणजे माझं.

फ्रेम माझ्याकडे येते तेव्हा तिच्या कडा हाताला लागतात, अंगावर करवतीचे ओरखडे असतात. माझ्या पोटात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, थोडं तेल, थोडी पॉलिशची पूड घालायची, फ्रेम सोडायच्या, झाकण लावायचं आणि तीन दिवस मी फिरायचं. घाई करायची नाही आणि मध्ये झाकण उघडायचं नाही, हा नियम. तीन दिवसांनी फ्रेम बाहेर येते तेव्हा अशी दिसते की जणू आत्ताच पाण्यातून काढली.

मला सांभाळायचे इवाओ-सान, 'सान' म्हणजे आमच्याकडचं आदराचं 'राव' किंवा 'बाई'. अठराव्या वर्षी कामाला लागले, मी बनलो त्याच्या पाच वर्षांनी, म्हणजे वयाने ते मोठे असले तरी कामात मोठा मीच. ते प्रत्येक फ्रेम दिव्याखाली धरून बघायचे आणि म्हणायचे, "यात माझी मिशी दिसली, म्हणजे काम झालं."

तपासणीच्या टेबलावर त्यांची बायको, हिसायो-सान. डोंगरापलीकडच्या लाखेच्या वाट्या बनवणाऱ्या गावची. त्या मान वर न करता म्हणायच्या, "तुमची मिशी बघायला कोण विकत घेणार फ्रेम?"

ते दिवस फार छान होते, मित्रांनो. आम्ही चार ढोल एका रांगेत फिरायचो. नवीन वर्षाला आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर तांदळाच्या मोचीचे दोन गोळे ठेवायचे, वर एक संत्रं, आणि सगळे आमच्यासमोर वाकायचे. व्यापारी यायचे, फ्रेम हातात घ्यायचे आणि काही बोलायचेच नाहीत, नुसते श्वास आत ओढायचे. इवाओ-सानना तेवढं पुरायचं. मलाही.

मग हळूहळू काम आटलं. परदेशातून तयार फ्रेम यायला लागल्या, स्वस्त, आणि लोकांना चालायला लागल्या. माझ्या शेजारचा ढोल थांबला. मग त्याच्या शेजारचा. तिसऱ्याला फाटकाजवळ ठेवून त्यात फुलझाडं लावली. मी आठवड्यातून एकदा फिरायचो, आणि बाकीचे दिवस माझ्यावर रिकामी खोकी रचलेली असायची. खोक्यांचं वजन काही नसतं हो, पण ती काढायला कोणी येत नाही, ते जड वाटतं.

मोठे मालक गेल्यावर त्यांची मुलगी फुमिए-सान कारखाना बघायला लागल्या. सगळे त्यांना शाचो म्हणायचे, म्हणजे कंपनीच्या प्रमुख. इवाओ-सान मात्र नाही. त्यांनी त्यांना शाळेचं दप्तर पाठीला लावून धावताना पाहिलेलं, त्यामुळे लहान मुलीला लाडाने म्हणतात तसं, फुमी-चान ती फुमी-चान. नोव्हेंबरातल्या एका सकाळी, दहाच्या चहाला, फुमिए-साननी कप खाली ठेवला आणि सरळच सांगितलं.

"इवाओ-सान, मार्चपर्यंत नवीन काम मिळालं नाही तर दार बंद करावं लागेल."

"आणि ढोल?"

"ढोल कोणाला हवाय आता."

त्या वाईट बाई नाहीत, मित्रांनो. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, यावरूनच मला कळलं.

पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट होती. आपल्या गावात नाकावर टेकणारी टायटॅनियमची तार इतकी बारीक वाकवतात, सफाई आपण करतो, तर डोळ्याच्या डॉक्टरांचे चिमटे का नाही करू शकत? ऑपरेशनचे, टोकाला सुईपेक्षा बारीक. त्यांनी नमुने घेऊन किती दारं ठोठावली ते मला माहीत नाही, मी इथेच असतो. शेवटी डेन्मार्कच्या एका कंपनीने सहा चिमटे करून मागितले. सोबत आराखडा आला आणि त्यावर लिहिलेलं: सफाई गुळगुळीत, पण अंधुक.

"अंधुक?" इवाओ-सान हसले. "लाजत असतील. पहिल्याच भेटीत परक्या माणसाकडे कोण जास्त मागतं?"

"लिहिलंय तसं करूया ना," फुमिए-सान म्हणाल्या.

"फुमी-चान, तुझ्या वडिलांनी गिऱ्हाइकाला कधी मागितलं तेवढंच दिलं का गं?"

त्यांनी आराखडा घडी करून इवाओ-सानच्या हातात दिला. आणि खरं सांगू, मीही खूश झालो. तीन दिवस पुरले असते, पण मी पाच दिवस फिरलो. आयुष्यात दिली नव्हती अशी चकाकी दिली. चिमट्याच्या एवढ्याशा पात्यात मिशी दिसली, मिशीतला पांढरा केस दिसला. इवाओ-साननी ते मऊ कागदात गुंडाळले आणि पेटीला नमस्कार करून पाठवले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. फुमिए-सान उभ्या राहून मोठ्याने वाचायला लागल्या. "इतके सुंदर चिमटे मी आजवर हातात धरले नव्हते." इथे इवाओ-सान कमरेत वाकले, हिसायो-सान वाकल्या. मग फुमिए-सानचा आवाज बारीक झाला. "पण ते वापरता येत नाहीत. ऑपरेशनच्या दिव्याखाली ते डोळ्यांवर चमकतात. मी फेब्रुवारीत ओसाकाला येते आहे, आधी तुमच्याकडे येईन."

इवाओ-सान अजून वाकलेलेच होते. वर यायला त्यांना जरा वेळ लागला.

ती पत्र लिहिणारी बाई आली, सिग्ने नावाची, उंच, लाल नाकाची, गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेली. कंपनीत लागायच्या आधी बारा वर्षं ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. ती बोलायची आणि फुमिए-सान आमच्या भाषेत सांगायच्या. हिसायो-साननी तिच्यापुढे योकान ठेवलं, हिवाळ्यात खायचं ते गार, घेवड्याच्या दाण्यांचं गोड, चमच्याने हलकेच कापता येईल इतकं मऊ. तिने ते खाल्लंच नाही. पिशवीतून एक धागा काढला, टाके घालायचा, केसापेक्षा बारीक, आणि योकानच्या वडीवर ठेवला.

"बाई, ते खायचं असतं," हिसायो-सान हळूच म्हणाल्या.

सिग्नेने टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि इवाओ-सानच्या हातात त्यांचाच चिमटा दिला. "धागा उचला. योकानला धक्का न लावता."

इवाओ-सानचा हात पन्नास वर्षांत कधी थरथरला नाही. त्यांनी चिमटा नेला, आणि दिवा पात्यावर आला. लख्ख. त्यांचे डोळे मिटले, अगदी पापणी लवण्यापुरते. उघडले तेव्हा चिमट्याची टोकं योकानमध्ये रुतलेली होती.

"तो एका आजीचा डोळा होता," सिग्ने म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती सांगत होती, एवढंच.

इवाओ-साननी तो चिमटा पुसला आणि खिशात ठेवला.

सिग्ने म्हणाली, मी चार दिवसांनी ओसाकाहून परत येईन, तोवर जमलं तर बघू, नाहीतर मला दुसरीकडे विचारावं लागेल. चार दिवस, मित्रांनो. मार्च दारात उभा, आणि मला जे आयुष्यभर येत होतं तेच नको झालं होतं.

पहिल्या दिवशी इवाओ-साननी नवे चिमटे माझ्या पोटात सोडले आणि नियम मोडला. मी सहा तास फिरलो तेवढ्यात झाकण उघडलं. चमक आली नव्हती, ते बरं, पण हिसायो-साननी पात्यावरून धागा फिरवला आणि तो अडकला. "ओरखडे आहेत," त्या म्हणाल्या. परत आत. दुसऱ्या दिवशी ओरखडे गेले आणि चमक आली. परत बाहेर. म्हणजे गुळगुळीत करावं तर चकाकतंय, आणि चकाकू नये म्हणावं तर खरखरीत राहतंय. मी आयुष्यात इतक्या वेळा थांबलो नव्हतो. मला गरगरायला लागलं, थांबून थांबून.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले, किसलेला मुळा घातलेल्या सोबा शेवया होत्या, आणि इवाओ-सान खातच नव्हते.

"माझ्या माहेरी," हिसायो-सान खाता खाता म्हणाल्या, "वाटीला शेवटची चमक द्यायच्या आधी कोळशाने घासतात. मऊ लाकडाचा कोळसा, पाण्यात. तेव्हा वाटी अशी दिसते की कितीही उजेडात धरा, ती आपली सावलीतच. हाताला मात्र लोण्यासारखी. मला लहानपणी तीच आवडायची. बाबा म्हणायचे, ठेव खाली, ती अजून पुरी झाली नाही."

इवाओ-साननी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "सेहेचाळीस वर्षं संसार केलास, आणि हे आज सांगतेस?"

"न चमकणारं काही तुम्ही मला कधी विचारलंत?"

त्या दिवशी संध्याकाळच्या आत हिसायो-सानचा भाऊ डोंगरापलीकडून कोळशाचं पोतं घेऊन आला. त्यांनी तो कुटला, चाळला, टरफलांच्या चुऱ्यात कालवला आणि माझ्या पोटात ओतला. काळाकुट्ट झालो मी. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. पण फिरायला लागलो आणि काय सांगू, आतलं सगळं इतकं हलकं सरकत होतं की मला वाटलं, अरे, हे तर माझंच काम आहे, फक्त वेगळ्या वाटेने. तिसऱ्या दिवशी कोळसा जास्त झाला, टोकं बोथट झाली. मला रिकामं केलं, पोतं परत उघडलं, आणि नव्या चिमट्यांना कोळसा निम्माच घातला.

चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. इवाओ-साननी चिमटा धुतला आणि दिव्याखाली धरला. बर्फ पडायच्या आधी आमच्याकडे आभाळ असतं ना, तसा रंग. मिशी नाही, दिवा नाही, काहीच दिसत नव्हतं त्यात. हिसायो-साननी धागा फिरवला, तो सरसर निघून गेला.

जमलं होतं. आणि तरी, मित्रांनो, इवाओ-सानचा हात परत माझ्या झाकणाकडे आला. दुसऱ्या हातात पॉलिशच्या पुडीचा डबा.

"फक्त अर्धा तास," ते पुटपुटले. "मुठीला तरी. जिथे दिवा पडत नाही तिथे."

"ठेवा तो डबा," फुमिए-सान मागून म्हणाल्या.

"अर्धवट वाटतंय गं, फुमी-चान. असं काम मी कधी कोणाच्या हातात दिलं नाही. लोक म्हणतील, हाकोयामाचा म्हातारा झोपला होता."

"ज्या बाईच्या डोळ्यात हा चिमटा जाणार तिला तुमची मिशी बघायची नाहीये. तिला तिचा नातू बघायचाय." मग त्या थांबल्या आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "इवाओ-सान, मी शाचो म्हणून सांगतेय."

इवाओ-साननी डब्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी डबा फळीवर ठेवला, ते वळले आणि फुमिए-सानसमोर वाकले. "हो, शाचो."

दुपारी सिग्ने आली. परत योकान, परत दिवा, परत धागा. तिने धागा उचलला. ठेवला, उचलला. दहा वेळा. मग तिने त्याच चिमट्याच्या टोकाने योकानच्या वडीला हळूच स्पर्श केला, खळगा पडला नाही, आणि ती म्हणाली, "चिमटा हातात आहे हे मी विसरले."

हे कौतुक आहे हे इवाओ-सानना कळायला दोन दिवस लागले. मला जरा कमी लागले.

कारखाना बंद झाला नाही. चिमटे झाले, मग बारीक कात्र्या, मग कानाच्या डॉक्टरांच्या सळया. फुलझाडं काढून तिसरा ढोल परत दांड्यावर चढवला. फ्रेमही करतोच आम्ही, त्यांची चमक मी विसरलेलो नाही. आणि गेल्या वर्षी त्या कंपनीने म्हटलं, तुमचं एक छोटं दुकान आमच्याकडेच, डेन्मार्कच्या ओदेन्स शहरात, काढा, म्हणजे वापरलेली हत्यारं तिथल्या तिथे नीट करता येतील. सुतार आला, माझी मापं घेऊन गेला. तिकडच्या लाकडाचा, अगदी माझ्याएवढा ढोल तयार झाला. आणि इवाओ-सान, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा विमानात बसले. कोळशाची पिशवी मांडीवर घेऊन. विमानतळावर ती तीनदा उघडायला लावली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ.

"हिसायो, इथला ढोल नीट बोलत नाही. सगळं मापाने घातलं, पण आवाज कोरडा येतोय. आपला चालू आहे का?"

"चालू आहे. तुम्ही जेवलात का?"

"जेवतो नंतर. तो फोन ढोलाजवळ धर."

हिसायो-साननी फोन माझ्या झाकणापाशी आणला. मी फिरत होतो, आतून हत्यारांची सरसर चाललेली. मग पलीकडे इवाओ-सान कोणाला तरी म्हणाले, ऐकलंत, असा आवाज यायला हवा, टरफलं अजून मूठभर घाला. आणि थोड्या वेळाने फोनमधून मला माझाच आवाज आला, मित्रांनो. तिकडून. हिसायो-सान फोन तसाच धरून उभ्या राहिल्या. आम्ही दोघे ढोल एकाच चालीत फिरत होतो.

तर माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, वडिलांच्या दुकानात माझ्यासारखं कोणी जुनं असेल, तर त्याच्यावर खोकी रचू नका. नुसतं पुसून कोपऱ्यातही ठेवू नका, ते खोक्यांइतकंच वाईट. त्याचं झाकण उघडा आणि त्याला एखादं असं काम देऊन बघा, जे त्याने कधी केलेलं नाही. पहिले दोन दिवस ते बिघडवेल. तिसऱ्या दिवशीही कदाचित. थोडा धीर धरा.