कावळे हाकलणारी सीडी

मी एक सीडी बोलतेय. तोंड दाखवता येणार नाही, कारण गाडीतल्या प्लेअरमध्ये मी अडकले ती अडकलेच. माझं रेकॉर्डिंग साता समुद्रापलीकडच्या एका भल्याथोरल्या चर्चमध्ये झालं. तिथला ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी नव्हे. माडाएवढे उंच पाईप, आणि खालचा सूर लागला की बाकं हादरायची. माझ्यात लग्नाचं आहे, मयताचं आहे. पहिला तुकडा नुसता गडगडाट, आणि आठवा अगदी हळुवार अंगाई. तो वाजताना माणसं श्वास रोखून बसली होती. एक म्हातारा तेवढा खोकला, तोही माझ्यात आहे.

डोंबिवलीच्या एका साहेबांनी मला तिकडून आणलं आणि गाडीत घातलं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ते मला डोळे मिटून ऐकायचे. बाईसाहेब म्हणायच्या, "अहो, बंद करा ना. कोणीतरी गेल्यासारखं वाटतं." मग एके दिवशी काही केल्या मी प्लेअरमधून बाहेर येईना. पुढे गाडी भंगारात गेली, आणि विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडून माझ्यासकट तो प्लेअर धाकूने उचलला.

धाकू माजिवड्यापलीकडच्या खाडीकाठचा कोळी. त्याने प्लेअरला जुनी बॅटरी आणि गणपती मंडळाचा टाकून दिलेला भोंगा जोडला नि बटण दाबलं. अंगणात जवळा वाळत होता आणि त्यावर कावळ्यांची पंगत बसली होती. माझा पहिला तुकडा गरजला, तशी अख्खी पंगत उठून खाडीपार गेली.

"आगं बाय!" धाकूची बायको दगडाबाई हरखली. "ही तर लय कामाची हाय. रोज वाजव हिला."

झालं! एवढी घरंदाज मी, कावळे हाकलायला लागले. नशिबाचे भोग, दुसरं काय.

धाकूचं मात्र वेगळंच. संध्याकाळी जवळा गोळा झाला की तो माझी अंगाई लावायचा आणि माशांची डोकी कावळ्यांना टाकायचा. ते खायचे, हा विडी ओढत बघायचा.

दगडाबाई तडकायची. "मी हाकलायचं न तू जेवाया घालायचंस? जलली तुजी अक्कल!"

"आगं, त्यांना पन पोट हाय."

एका संध्याकाळी तिने रागाने बॅटरीची वायरच उपटली. सकाळी धाकू उठला नाही.

दहाव्याला घरासमोरच, खाडीच्या कडेला पिंड मांडला. कावळे होते, हवे तेवढे होते, पण सगळे पलीकडच्या तिवरांवर. दगडाबाईच्या दारात काय गरजतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

मुलगा प्रणित पुढे झाला. "बाबा, होडी नाय विकनार." कावळा हलेना. "दारू सोडली, जा." तरी नाही. अबोला धरलेल्या चुलत्याने प्रणितला मिठी मारली. लांबच्या एका भाच्याने तर घाबरून स्वतःचा घटस्फोट रद्द केला. ऊन चढलं. कावळे तिकडून नुसते बघत होते.

"दर्भाचा कावळा करून शिववू या," भटजींनी सुचवलं.

"नको!" दगडाबाईला रडू फुटलं. "तो माज्यावर रागावून गेलाय. मीच वायर उपटली त्याची." रागाचा इथे संबंधच नव्हता, पण मला विचारतंय कोण? तिने पदराने नाक पुसलं. "परनित, भोंगा आन."

"आये, हितं? लोक काय बोलतील?"

"मी बोलले ना, आन!"

प्रणितने भोंगा-प्लेअर आणून बॅटरीची वायर जोडली. दगडाबाईला एकच बटण ठाऊक. ते दाबलं आणि पहिला तुकडा कडाडला. तिवरांवरचे कावळेही उडाले, भटजींचा तांब्या कलंडला. प्रणित घाईने पुढची बटणं दाबत सुटला. मधेच लग्नाचं वाजलं, तेव्हा तो भाचा उगाचच लाजला.

मग अंगाई लागली. म्हातारा खोकला. तिवरांपलीकडून एक लंगडा कावळा आला, भोंग्यावर बसला आणि मान वाकडी करून सगळ्यांकडे बघून पिंडाला शिवला. त्याच्यामागे सगळेच आले. पिंड संपला, भटजींची केळीही संपली.

"जेव रं, जेव," दगडाबाई हुंदके देत म्हणत होती. "मी काय नाय बोलत."

तेव्हापासून पहिला तुकडा बंद आहे. कावळे अर्धा जवळा फस्त करतात, दगडाबाई तोंडाने शिव्या घालते आणि संध्याकाळी अंगाई लावून डोकी टाकते. मीही आता थकले. खोकल्यापाशी अडकते, म्हातारा खोकतच राहतो, मग ती प्लेअरवर थाप मारते.

काल प्रणित म्हणत होता, "आये, ही बंद पडली की खोलून तारेला टांगू. उन्हात चमकली की कावले येत नाय."

म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. मला खाडीत टाका, भंगारात घाला, पण तारेला टांगू नका. दगडाबाईच्या दारातून कावळा हाकलणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.