कागानचा मंगळवार

रब्बी ब्रॉडकिन आपल्या प्रवचनाच्या कागदांवर लाल शाईने कंसात खुणा करून ठेवायचा. (थांब.) (हळू.) (इथे हसतील.) डुलुथ गावच्या त्या जुन्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, नेमकं तिथे कोणीच हसत नसे, पण खूण खोडणं त्याच्या जिवावर येई.

बोलायची त्याला भीती नव्हती. भीती होती न बोलण्याची. कंसातलं थांबणं त्याचं स्वतःचं, मापून ठेवलेलं. पण अवचित शांतता पडली की तळ्यावरचा बर्फ पायाखाली तडकावा तसं त्याला होई, आणि तो घाईघाईने तिच्यात शब्द ओतत सुटे.

"भाषण झकास झालं हो, रब्बी," अध्यक्ष ऑर्लोव्ह दर शनिवारी हेरिंग मासळीचा तुकडा चघळत म्हणायचे. "तीनदा संपलं. तुम्हीच थांबला नाहीत."

शावुओतचा सण आठवड्यावर आला तेव्हा फ्रीडा कागान त्याच्या खोलीत आली. बसली नाही.

"या सणाला सिग्मंड आशीर्वाद देणार."

सिग्मंड कागान म्हणजे तिचा नवरा. गावात उरलेला एकच कोहेन, ज्यूंच्या प्राचीन मंदिरातल्या पुरोहितांच्या कुळातला. सणाला त्यानेच शालीखाली हात पसरून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा. रब्बीला तो अधिकार नाही. रब्बीने एकेक शब्द सांगायचा, कोहेनने मागून गायचा. पाठ असला तरी मागूनच, अशी रीत.

पण हिवाळ्यात कागानला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचे सगळे शब्द गेले. एक राहिला. चहा हवा, मंगळवार. गुडघा दुखतोय, मंगळवार. देवा रे, मंगळवार.

"फ्रीडा, अहो, भर सभेत तो—"

"मंगळवार म्हणेल. बोला की, चाचरता कशाला?"

"त्यालाच ओशाळवाणं होईल."

"पासओव्हरच्या सणाला आशीर्वाद द्यायचा नाही म्हणून तो त्या वेळी बाहेर गेला. कोटांच्या खुंट्यांत तोंड खुपसून उभा होता. तेव्हा काय मिरवत होता?" तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "न्हाताना चाल गुणगुणतो, रब्बी. चाल शाबूत आहे."

ब्रॉडकिनने ग्रंथ उघडला. ज्याची जीभ अडखळते त्याने आशीर्वादाला उभं राहू नये. लोकांचं चित्त विचलित होतं. सरळ होतं. त्याने पान मिटायला घेतलं, तर खाली बारीक अक्षरांत होतं: गावाला त्याची सवय असेल, तर राहावं.

(थांब.)

ही खूण कोणी लिहिलेली नव्हती.

शनिवारी प्रार्थनेनंतर तो भाषणाचं कौतुक गोळा करत फिरला नाही. कोपऱ्यात उभा राहून बघत राहिला.

"मंगळवार!" कागान टेबलावर हात आपटून म्हणाला.

"काही नाही, गेल्या वर्षीचीच आहे ही हेरिंग," ऑर्लोव्ह म्हणाले. "तुझी जीभ बिघडलीय."

"मंगळवार," कागान पुटपुटला.

"शिव्या देऊ नकोस, रब्बी ऐकतायत."

तीन वर्षं ब्रॉडकिन या लोकांपुढे बोलत होता. ते एकमेकांशी काय बोलतात हे त्याने आज ऐकलं.

सणाच्या सकाळी कागानने रीतीप्रमाणे बूट काढले. मोजे कोरे, निळे. फ्रीडाने खास आणलेले. तो धर्मग्रंथांच्या कपाटापुढे गेला, लोकांकडे वळला, शाल डोक्यावरून हातांवर ओढली. खाली सगळ्यांनी आपापल्या शाली चेहऱ्यावर घेतल्या. त्या हातांकडे बघायचं नसतं.

ब्रॉडकिनने पहिला शब्द सांगितला.

(

नुसता कंस. आत काहीच नाही. शालीखाली श्वास, घशात काहीतरी घासल्याचा आवाज, पुन्हा श्वास. आपणच म्हणून टाकावा, सांभाळून घ्यावं, निदान खोकावं. शब्द त्याच्या दातांपाशी येऊन उभा. बंदरावर एका जहाजाचा भोंगा वाजला, विरला. तरी काही नाही. ब्रॉडकिनने ओठ दाताखाली धरले. आणि बर्फ तडकला नाही. त्या शांततेवर उभं राहता येत होतं. सगळं गावच तिच्यावर उभं होतं, डोळे मिटून

)

आणि शालीखालून शब्द आला. गात. अख्खा.

दुसरा सांगितला, दुसरा आला. त्याच्यामागे तिसरा. दळणवळण बंद पडलेल्या घाटातून एकेक गाडी वर यावी तसे शब्द चालीला धरून येत होते. हे शब्द ब्रॉडकिन हजारदा बोलला होता. ते येतात कुठून, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटचा शब्द. शांती.

त्याने सांगितला.

कागानने चाल उचलली, उंच नेली, लांबवली, आणि स्पष्ट, भरल्या आवाजात म्हणाला:

"मंगळवार."

दुरुस्त करायला ब्रॉडकिनचं तोंड उघडलं. पण त्याआधीच शालींखालून आमेन उठलं. एकदम, सगळ्यांचं, बाकं हादरवणारं. तीन वर्षांत त्याच्या एकाही वाक्याला असं आमेन मिळालं नव्हतं. त्यात त्याचा स्वतःचाही आवाज होता, हे त्याला मागाहून कळलं.

नंतर कागान पायरीवर बसला. डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. ब्रॉडकिन खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधू लागला.

"मंगळवार?" कागानने विचारलं. कसं झालं, असं.

ब्रॉडकिनने मान वर केली. काहीतरी सुचायला हवं होतं. त्याला नेहमी सुचायचं.

"अहो, येताय का?" आतून फ्रीडा ओरडली. "ऑर्लोव्ह चीजकेकचा तिसरा तुकडा घेतायत!"

"मंगळवार!" कागान संतापून गरजला.

"येतोय म्हणतो," ब्रॉडकिनने आत हाक दिली. "त्याचा ठेवा."

आणि त्याने दुसरी नाडी हातात घेतली.