शेवटचे दोन दिवस

संशोधनाचा निकाल छापून आला त्या दिवशी विभागात पेढे वाटले. डॉक्टर शुभदा दांडेकरने आपला पेढा टेबलावर तसाच ठेवला.

चंडीगडच्या त्या इस्पितळात बारा वर्षं ती आणि तिचे वरिष्ठ डॉक्टर लक्ष्मीकांत सबनीस एकाच आजाराच्या मागे होते. लहान मुलांच्या शरीरातल्या राखणदार पेशी उलटतात आणि स्वतःचंच रक्त संपवू लागतात, असा तो आजार. त्यावर औषध होतं, पण मोठ्या माणसांचं. मुलांना दिलं की दोन दिवस ताप उतरायचा आणि मग मूल हातचं जायचं. पहिल्या अकरा मुलांपैकी आठ गेली. इस्पितळाच्या समितीने दोनदा काम थांबवलं, दोनदा या दोघांनी ते पुन्हा उभं केलं. आता नव्या पद्धतीने उपचार केलेल्या सव्वीस मुलांपैकी तेवीस घरी गेली होती.

"सर, मी अक्षराच्या आईला भेटून येते," शुभदा म्हणाली.

"कशाला? सहा वर्षं झाली. कशीबशी सावरली असेल ती बाई."

"रक्त त्यांना विचारून घेतलं होतं आपण. त्यातून काय निघालं ते त्यांना सांगायला नको?"

सर जा म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत.

अक्षरा अडीच वर्षांची होती. वडील निशांत एअर फोर्समध्ये, तेव्हा आसामात. आई पद्मिनी एकटीच तिच्याजवळ. शेवटच्या दोन दिवसांत शुभदाने दर चार तासांनी रक्त घ्यायची परवानगी मागितली होती. हिला याचा उपयोग होणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं होतं. पद्मिनी म्हणाली, "उजव्या हाताला टोचा. डावा अंगठा चोखते ती."

निशांत पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

आता तो नोकरी सोडून मोहालीत एका कंपनीत लागला होता. शुभदा गेली तेव्हा पद्मिनी घरात एकटी होती. तिने ओळखलं, आत बोलावलं, चहा केला.

"अक्षराच्या रक्तात आम्हाला दिसलं," शुभदा म्हणाली, "की एवढ्या लहान अंगातून ते औषध बाहेर पडतच नाही, साठत जातं. आम्हाला वाटायचं आजार वाढतोय. म्हणून आम्ही औषध वाढवत होतो. आता पाव मात्रा देतो, दिवसाआड. मुलं वाचतायत."

पद्मिनीने कप खाली ठेवला. "म्हणजे तिला औषधाने नेलं?"

"औषध दिलं नसतं, तरी ती राहिली नसती. पण शेवटचे दोन दिवस तिला एवढे जड गेले, ते आम्ही दिलेल्या मात्रेमुळे."

"आणि आज आणलं असतं तिला?"

वाटेत टॅक्सीत शुभदाने या प्रश्नाची लांबलचक उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तिला आता सांगवेना.

"बहुतेक वाचली असती."

पद्मिनी उठली, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही जा आता."

दहा-बारा दिवसांनी ती वॉर्डच्या दाराशी उभी दिसली. "बरं झालेलं एक मूल दाखवा मला."

जवळच्याच मनीमाजऱ्याची चार वर्षांची एक मुलगी त्याच सकाळी घरी निघाली होती. मोजा घालणार नाही म्हणून पाय झाडत होती. तिची आई सगळ्यांना घरच्या पिन्न्या, कणकेचे तुपातले लाडू, वाटत होती. तिने पद्मिनीच्याही हातात एक ठेवली.

"लो जी, मुँह मीठा करो. आप भी डॉक्टर हो?"

"नहीं जी," पद्मिनी म्हणाली. "बधाई हो." तिने ती पिन्नी तिथेच उभ्याने सगळी खाल्ली.

बाहेर बाकावर शुभदा आणि पद्मिनी हिवाळ्याच्या उन्हात बसल्या.

"मला वाटलं, हिला बघून बरं वाटेल," पद्मिनी म्हणाली. "पण राग आला. त्या आईचा. एवढ्याशा पोरीचासुद्धा. वाईट आहे ना मी?"

"नाही."

"तुमचा राग जात नाहीये. पण तुम्ही आला नसतात आणि मला कुठून तरी कळलं असतं, तर जास्त आला असता." मग ती म्हणाली, "निशांतला अजून काही बोलले नाही मी. माझ्याने होणार नाही. तुम्ही सांगाल?"

रविवारी शुभदा पुन्हा मोहालीला गेली. या वेळी लक्ष्मीकांत सरही बरोबर आले. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, कुठे सावरून घेतलं नाही. चूक आमची दोघांची, असं सर मध्येच एकदा म्हणाले. निशांत मान खाली घालून ऐकत होता. सांगून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"मी नव्हतो तेव्हा. शेवटी तिला दुखत होतं का?"

शुभदाने पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनीने नजर हलवली नाही.

"हो," शुभदा म्हणाली. "दुखत होतं."

निशांतने मान हलवली. पद्मिनी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यासमोर रडला.