नगरसेविकेचा परिचय

"वयनी, खांद्याला पिन लाव ना. पदर सारका सुटतंय."

पिन लावता लावता रतनच्या मनात आलं, जरा टोचावी. टोचली नाही, पण मनात आलं हे खरं. समोर पाठमोरी उभी होती ती तिची धाकटी जाऊ, तेजस्वी विपुल घरत, प्रभाग पाचची नगरसेविका. आज जिल्ह्याहून पाहुणे येणार होते आणि नगरपरिषदेच्या हॉलमध्ये तेजस्वीला शाल-नारळ मिळणार होता. कशासाठी, तर पिशवीसाठी. आणि पिशवी होती रतनची.

त्यांच्या पाड्यातली गटारं खाडीला मिळतात. उधाणाच्या भरतीला तेच पाणी उलटं फिरायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट लोकांच्या पडवीत येऊन बसायचं. सहा वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रतननं वाण म्हणून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून वाटल्या. बाया हसल्या. म्हावरा आणायला कापडी पिशवी? घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी साडीवर! रतन मागे हटली नाही. खताची रिकामी गोणी खाडीच्या पाण्यात तीनदा धुऊन तिनं तिचं अस्तर आतून लावलं. थेंब गळेना. मग बचत गटाच्या बाया शिवायला बसल्या, बाजारातल्या कोळणींनी प्लॅस्टिक देणं बंद केलं आणि पडव्या कोरड्या राहू लागल्या.

प्रभाग महिलांसाठी राखीव झाल्याची सोडत निघाली तेव्हा सगळे रतनच्याच दारात आले होते. तिच्या नवऱ्यानं, हिरामणनं, पेढेसुद्धा वाटले. रतन ठेवणीतली पैठणी नेसून अर्ज भरायला गेली. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "अपत्ये किती?"

"तीन," रतननं कौतुकानं सांगितलं होतं. मुलं कुणी विचारली की ती कौतुकानंच सांगायची.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. दोनपेक्षा जास्त मुलं असली की निवडणुकीला उभं राहता येत नाही, हे सगळ्या पाड्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. घराण्यातली उमेदवारी घराण्यात राहावी म्हणून त्याच दुपारी तेजस्वीला उभं केलं. तिला एकच मुलगा. सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण अपत्य एक होतं.

तेव्हापासून रतन जळत होती. दुसरा शब्द नाही. तेजस्वीच्या नावाची पाटी लागली, जळली. तिला लोक मॅडम म्हणू लागले, जळली. आणि वर तेजस्वी वाईट नव्हती, हे तर फारच अवघड होतं. भांडायला जागाच नव्हती.

आजच्या कार्यक्रमात नगरसेविकेचा परिचय बचत गटाच्या अध्यक्षेनं, म्हणजे रतननंच करून द्यायचा होता. मजकूर तिनं आठवडाभर घोकला होता. तिचं अक्षर तिलाच लागायचं नाही, म्हणून तिची तिसरी मुलगी, आठवीतली नेत्रा, ओटीवर बसून तो सुवाच्य लिहून काढत होती. मजकुराच्या शेवटी जोडायचं एक वाक्य मात्र रतननं कागदावर घेतलंच नव्हतं. ते तिच्या मनात होतं: 'या पिशवीची कल्पना मुळात माझी आहे.' माईक हातात असताना कोण अडवणार?

तेजस्वी तयार होऊन पुढे गेली. शेजारच्या सखुबाई हॉलकडे निघता निघता दारात थांबल्या.

"रतन, शाल तुला मिलाला पायजे व्हती गो."

"कशी मिलंल?" रतन फणकारली. "तिसऱ्यांदा पालना हलला नसता, तर मिलली असती."

ओटीवर पेन थांबलं. मग पुन्हा चालू झालं. रतन पदर खोचण्याच्या गडबडीत होती.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, बाजूला तेजस्वीचा नवरा विपुल मोबाइल वर धरून उभा. रतननं कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. तेजस्वीचं माहेर चौलचं. बारावीपर्यंत शिक्षण. वडील बागायतदार. निवडून आल्यापासून प्रभागात ओला-सुका कचरा वेगळा करणं, गटारांना जाळ्या, कापडी पिशव्यांचा उपक्रम. मनातलं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं.

कागद उलटला. मजकूर संपला होता, पण अक्षरं संपली नव्हती. खाली त्याच नेटक्या अक्षरात तीन ओळी होत्या.

'ही पिशवी पहिल्यांदा माझ्या आईनं शिवली. तिला तीन मुलं आहेत म्हणून ती उभी राहू शकली नाही. तिसरी मी. सॉरी.'

माईकमधून नुसता खरखराट येत राहिला. कुणीतरी खोकलं. रतननं मान वर केली. शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी, नेत्रा आपल्या चपलेकडे बघत बसली होती.

आता वाचलं असतं तर रतनला जे हवं होतं ते सगळं मिळालं असतं. स्वतःच्या तोंडानं बढाई मारल्याचा दोषसुद्धा लागला नसता.

तिनं कागद मिटला.

"मंडली, परिचय संपला," ती म्हणाली. कार्यक्रमातली शुद्ध भाषा ती केव्हाच विसरली होती. "आनी ह्यो लिवलाय माज्या पोरीनं. नेत्रानं. माजी तिसरी पोर हाय ती. ऊठ गो, उभी र्‍हा, लोकांना दिसू दे."

नेत्रा उठेना. शेजारच्या बाईनं तिला दंडाला धरून उभं केलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. तिसरी म्हणजे काय, हे पाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाहुण्यांना काही कळलं नाही, तेही वाजवत होते.

मग तेजस्वीच्या खांद्यावर शाल पडली. रतन बघत होती आणि आत पुन्हा जळलं. ते काही एका दिवसात विझणारं नव्हतं.

घरी आल्यावर तेजस्वीनं नारळ रतनपुढे धरला. "वयनी, फोड ह्यो. कालवनात घालू."

"ठेव तितं."

मागच्या दारी नेत्रा भांडी घासत होती. नेहमीपेक्षा जास्तच आवाज करत. रतन शिलाई मशीनपाशी बसली आणि पदराच्या गाठीतून कागद काढला. त्या तीन ओळी तिनं पुन्हा वाचल्या. मग पोरीचंच पेन उचललं आणि शेवटचा शब्द खोडला. एकदा नव्हे, खालचं अक्षर दिसेनासं होईपर्यंत. बाकी सगळं तसंच ठेवलं.

"नेत्रा," तिनं हाक मारली. "हात धुव नि हिकडं ये. हे जरा परत लिवून दे मना."