मावशींच्या कानशिलाआडची मी

मी एक जुनी चेतापेशी आहे, नखावरच्या धुळीहूनही बारीक. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या कानशिलाआड, मेंदूच्या खोल घडीत माझं घर. वय मावशींएवढंच, एकाहत्तर. मित्रांनो, कातडी नवी येते, केस नवे येतात. मी मात्र तीच.

नव्या गोष्टी ध्यानात ठेवणं हे माझं काम. एकटीचं नव्हे हं! माझे हात हजारो शेजारणींपर्यंत जातात, पण टेकत नाहीत. मध्ये केसाहून बारीक फट. या काठावर वीज चमकते, इवला थेंब सुटतो, आणि पलीकडे पुन्हा वीज! आमच्या त्या निरोप्या थेंबाचं नाव ॲसिटिलकोलीन. नाव बोजड, पाय वाऱ्याचे. त्याच्या जोरावर आम्ही गिऱ्हाइकांची मापं सांभाळली. मावशी वहीत काही लिहीत नसत. "छाती छत्तीस, डावा खांदा उतरता," असं दारातूनच सांगत. लोक थक्क होत, आणि मी आत फुलून जाई.

मग आमच्या आळीत चिकट गुठळ्या साचू लागल्या. शेजारणींच्या पोटातले धागे गुंतले, एकेक विझत गेली. थेंब आटले. डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्झायमर. गोळ्यांनी उरलेले थेंब जरा जास्त टिकत, एवढंच. विझलेली पेशी काही पेटत नव्हती.

एकदा मावशींनी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. गिऱ्हाईक हसलं, "मावशी, उजवा हात घरी ठेवून येऊ का?"

"ये की! तसाही तो कामाचा कुठे आहे?" मावशींनी टोला हाणला.

पण पुढच्या सदऱ्याचंही तेच. त्यानंतर तर मशीनची सुईच बोटात घुसली. मुलगी घाबरली.

"आई, उद्या माणूस येऊन मशीन नेणार आहे. बस झालं आता."

"कोणतं मशीन?"

"आई! चौथ्यांदा सांगतेय!"

मी धडपडले, निरोप धाडला. पलीकडे घ्यायला कुणीच नव्हतं.

सकाळी माणूस दारात उभा. मावशींनी मुलीकडे पाहिलं. "आपण कुणाकडच्या, बाई?"

तेवढ्यात मावशींची नजर खाली गेली. "अगंबाई, झग्याचा काठ उसवलाय! हलू नका, टोचेल." त्यांनी स्टूल ओढलं, पहिल्या फटक्यात दोरा ओवला, आणि टाक्यामागून टाका पडू लागला, मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ.

मित्रांनो, तो निरोप माझा नव्हता! मेंदूत दुसरीकडे, हातांची कामं जपणाऱ्या निराळ्या पेशी आहेत. त्यांच्या आळीत अजून दिवे होते. मुलीचा चेहरा माझ्याकडून निसटला होता, आणि तिचा उसवलेला काठ त्या शिवत होत्या. ओंजळभर जागा, आणि आत केवढं हे आभाळ!

मुलगी टाका संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "दादा, मशीन राहू द्या. यापुढे बेतणं माझं, हातशिलाई हिची." आणि खाली वाकून, "आई, मी तुझी मुलगी."

"अगं, मग आधी सांगायचंस की! उगाच अहो-जाहो करायला लावलंस."

मी आता फार दिवसांची नाही. मित्रांनो, घरात कुणी तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली, तर पहिल्यांदा सांगता तशीच सांगा. विचारणाऱ्याला ती पहिलीच असते. आणि आत एखादी म्हातारी पेशी जीव एकवटून उभी असते, तुमचा शब्द झेलायला.